मेडिकल कॉलेज निवडायचे तर आधी वॉर्ड पाहू द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की आपल्या दैनिकात कट-ऑफचे तक्ते, जागांची संख्या आणि फेऱ्यांचे वेळापत्रक दरवर्षी नेमाने छापून येते. या माहितीचा उपयोग जागा मिळेपर्यंत होतो. जागा मिळाल्यानंतर, आणि त्यातही एकाऐवजी दोन ठिकाणी नाव लागल्यानंतर, घरात जो गोंधळ उडतो त्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. तो गोंधळ मी गेल्या वर्षी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या घरात चार दिवस पाहिला. ३१ वर्षे शासकीय रुग्णालयांत परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले आहे, म्हणून हे लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी समजते. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. कापावेच लागले तर माझ्याविषयीचा मजकूर कापावा, वॉर्डाविषयीचा ठेवावा ही विनंती.

माझा धाकटा भाऊ कागल तालुक्यात राहतो. साखर कारखान्याच्या शेती खात्यात नोकरी आणि अडीच एकर ऊस, एवढा त्याचा संसार. त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, ‘नीट’मध्ये बरे गुण मिळाले. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या पहिल्या फेरीत तिचे नाव दूरच्या जिल्ह्यातल्या एका नव्या शासकीय महाविद्यालयात लागले आणि त्याच आठवड्यात केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या फेरीत एका खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठाच्या महाविद्यालयातही लागले. हे दुसरे महाविद्यालय आमच्यापासून गाडीने दोन तासांच्या आत आहे. दोन्ही महाविद्यालयांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझे म्हणणे त्या दोन इमारतींपुरते नाही.

दोन्ही ठिकाणी प्रवेश घेऊन महिनाभराने ठरवू, अशी सोय या प्रक्रियेत नाही. एका विद्यार्थ्याला दोन जागा धरून ठेवता येत नाहीत आणि ते योग्यच आहे, नाहीतर मागच्याने वाट तरी किती पाहायची? परंतु यादी लागल्यापासून रुजू होण्याच्या मुदतीपर्यंत हातात दिवस चार-पाच, त्यात एखादी सुट्टी, त्यात मूळ कागदपत्रांच्या फायली, डिमांड ड्राफ्ट आणि वैद्यकीय दाखला. अभिमत विद्यापीठांच्या फेरीसाठी नोंदणी करताना २ लाख रुपये अनामत भरावी लागते. ती भावाने गावच्या पतसंस्थेतून उचलली होती. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत परत मिळते, दुसऱ्या फेरीपासून जागा मिळूनही रुजू न झाल्यास ती जप्त होते, एवढा साधा नियमसुद्धा त्याला कुणी धड समजावून सांगितला नव्हता. त्याने एका सल्ला केंद्राला अर्ज भरून देण्याचे पैसे मोजले होते. त्या केंद्रातल्या गृहस्थांनी गेल्या वर्षीच्या कट-ऑफचा कागद समोर ठेवून वरून खाली महाविद्यालयांची नावे उतरवली, आणि मुलीला कुठे शिकायचे आहे हा प्रश्न त्या टेबलावर आलाच नाही.

पसंतीक्रमाबद्दल इथेच एक खुलासा करते, कारण याच बाबतीत सर्वाधिक गैरसमज मला आढळले. वरच्या क्रमांकावर अवघड महाविद्यालय लिहिले तर खालचेही हातचे जाईल, या भीतीने अनेक पालक मनातले महाविद्यालय खाली ढकलतात. प्रत्यक्षात गुणवत्ता यादीप्रमाणे एकेका विद्यार्थ्याचा अर्ज घेतला जातो, त्याचे पसंतीक्रम वरून खाली तपासले जातात आणि त्याच्या प्रवर्गात जिथे पहिली मोकळी जागा सापडेल ती त्याला दिली जाते. वर लिहिलेले मिळाले नाही म्हणून खालच्यावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणजे क्रम आपल्या खऱ्या आवडीचाच लावावा आणि जिथे जायचेच नाही ते नाव यादीत लिहूच नये. दुसरी गोष्ट पुढच्या फेरीची. पहिल्या फेरीत रुजू होऊन पुढच्या फेरीत वरचे महाविद्यालय मिळाले की आधीची जागा आपोआप रद्द होते. मन बदलले म्हणून मागे फिरता येत नाही. मिळाले तेच पक्के करायचे असेल तर राज्याच्या प्रक्रियेत ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज भरून द्यावा लागतो. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाने तो भरला नाही आणि पुढच्या फेरीत, केवळ यादी भरायची म्हणून लिहिलेल्या तिसऱ्याच गावी त्याची रवानगी झाली.

भावाच्या घरी त्या आठवड्यात सल्ल्यांचा महापूर आला. चुलत मेहुण्याने सांगितले की खासगीत इमारत पाहा, एसी लेक्चर हॉल आहेत. शाळेतल्या सरांनी सांगितले की सरकारी ते सरकारी. एका नातेवाइकांचे म्हणणे असे की मुलीची जात आहे, डोळ्यासमोर असलेली बरी. त्यांना मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी भाऊ मुलीला घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “आक्का, तू आयुष्य दवाखान्यात काढलंस, आता तूच सांग.” मी सांगितले की मी काही सांगणार नाही, आपण तिघे जाऊन दोन्ही दवाखाने पाहून येऊ. त्यावर त्याने विचारले, “दवाखाने कशाला? कॉलेज बघायचं ना?”

भावाच्या या प्रश्नातच सगळी गोम आहे. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय असतात, त्यांना वर्ग, प्रयोगशाळा आणि शवविच्छेदनाचे टेबल लागते. पुढची सगळी वर्षे मुलगा किंवा मुलगी जे शिकते ते खाटेशेजारी उभे राहून शिकते. पुस्तक कोल्हापूरचे काय आणि मुंबईचे काय, एकच असते. पदव्युत्तर प्रवेशासाठीची ‘नीट-पीजी’ परीक्षाही सर्वांना एकच असते आणि तिच्या गुणपत्रिकेत महाविद्यालयाची इमारत किती मजली होती याला गुण नसतात. फरक पडतो तो पोट तपासताना हाताला यकृत लागते की नाही, लहान मुलाची शीर सापडते की नाही, अडलेल्या बाळंतिणीपाशी रात्री २ वाजता हात कापतो की नाही, यात. माझ्या नोकरीत दर वर्षी नव्या इंटर्न मुलांची तुकडी वॉर्डात यायची. पहिल्या आठवड्यातच आम्हा सिस्टर लोकांना कळायचे की कोण रुग्णांच्या गर्दीत शिकून आलेला आहे आणि कोण रिकाम्या खाटांमध्ये. दुसऱ्या प्रकारची मुले हुशार नसत असे मुळीच नाही. पण इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत घालायची सलाईनची सुई, हातात घेतल्यावर ती आधी रुग्णाच्या हाताकडे न पाहता आमच्या तोंडाकडे पाहायची.

आम्ही आधी जवळच्या महाविद्यालयात गेलो. मंगळवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. ही वेळ मी ठरवून निवडली होती, कारण ओपीडी या वेळेला भरात असते आणि वॉर्डात मोठ्या डॉक्टरांचा राउंड चालू असतो. स्वागतकक्ष अप्रतिम, बाग देखणी, ग्रंथालय खरोखर चांगले. माहिती देणाऱ्या बाई नम्र होत्या आणि त्यांनी आम्हाला जिम, सभागृह, मुलींचे वसतिगृह असे सगळे दाखवले. वॉर्ड पाहायचा आहे म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

वॉर्डात तीस खाटा होत्या. बहुतेक खाटांवरच्या पांढऱ्या चादरींचे कोपरे, नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला शिकवतात तसे, पाकिटासारखे दुमडलेले होते. ज्या खाटेवर माणूस झोपतो तिच्या चादरीचा कोपरा सकाळी ८ नंतर तसा राहत नाही, हे कोणत्याही सिस्टरला विचारा. खाटांच्या पायथ्याशी टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदीचे, चार्ट अडकवायच्या पाट्या होत्या आणि त्यांना कागद नव्हते. लॉकरवर पाण्याची बाटली नाही, खाटेखाली डबा नाही, दाराबाहेर नातेवाइकांच्या चपला नाहीत. एका कोपऱ्यात सहा-सात जण होते. त्यांतल्या एकाच्याही हाताला सलाईनची पट्टी मला दिसली नाही. भाची माझ्या कानाशी लागून म्हणाली, “आत्या, इथं पेशंट कुठं आहेत?” भाऊ मात्र अजून फरशीकडे पाहत होता. फरशी चकचकीत होती यात वाद नाही.

त्या एका सकाळवरून सगळ्या खासगी महाविद्यालयांना एकाच मापाने मोजावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आल्यापासून खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही गोरगरीब रुग्ण मोठ्या संख्येने येतात आणि आपल्या भागातली अशी काही रुग्णालये मी पाहिली आहेत, की जिथे खाट मिळवायला ओळख काढावी लागते. उलट सरकारी म्हणजे आपोआप चांगले, हेही मी माझ्या नोकरीच्या अनुभवावरून म्हणणार नाही. पाटीवर ‘शासकीय’ लिहिले आहे की ‘अभिमत’ यावरून खाटेवरची चादर कळत नाही. ती जाऊनच पाहावी लागते.

दोन दिवसांनी रात्रीच्या एसटीने आम्ही दुसऱ्या महाविद्यालयाच्या गावी उतरलो. पूर्वीचे जिल्हा रुग्णालय आता या महाविद्यालयाला जोडलेले आहे. केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग पोर्चच्या बाहेर, थेट रिक्षा थांब्यापर्यंत गेलेली होती. मेडिसिनच्या वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये गाद्या टाकलेल्या होत्या, जे चांगले नाही आणि मी चांगले म्हणणारही नाही. एका खाटेशी पांढऱ्या कोटातली, भाचीपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठी असेल अशी मुलगी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारत होती, “आजोबा, जिना चढताना दम लागतो का झोपल्यावर?” आजोबा म्हणाले, “आमच्या घराला जिनाच न्हाई.” तिच्या मागे उभे असलेले डॉक्टर हसले आणि म्हणाले, “आता हाच प्रश्न त्यांच्या शेताच्या बांधावर नेऊन विचार.” मुलीने विचारले आणि आजोबांनी उत्तर दिले. आम्ही तिथे दहा मिनिटे उभे होतो आणि भाची त्या मुलीच्या वहीत डोकावून पाहत होती.

त्या महाविद्यालयाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुलींचे वसतिगृह गावातल्या एका भाड्याच्या इमारतीत, पाणी एक दिवसाआड, ग्रंथालय म्हणजे एक खोली. काही विभागांच्या दारावर प्राध्यापकाच्या नावाची पाटीच नव्हती. नव्या महाविद्यालयाला आधी परवानगी मिळते आणि मान्यतेची तपासणी पहिली तुकडी अंतिम परीक्षेला पोहोचते तेव्हा होते, त्यामुळे पहिल्या काही तुकड्यांच्या पालकांच्या मनात धाकधूक राहतेच. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या राज्यात एकाच दिवशी १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. जागा वाढल्या याचा आनंद आहेच. पण त्या प्रत्येक महाविद्यालयात वसतिगृह, शिक्षक आणि प्रयोगशाळा कधी पुऱ्या होणार याचे लेखी वेळापत्रक पसंतीक्रम भरण्याआधी जाहीर करायला काय हरकत होती? ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगे उभी करून खेड्यातल्या मुलाच्या राहण्याजेवणाची सोय शिक्षणाइतकीच महत्त्वाची मानली, त्या शहरातल्या वाचकांना वसतिगृहाचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको.

नवे म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. आपले राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या शतकाच्या सुरुवातीला निघाले, तेव्हाही लोक असेच बोलत होते. मिरजेचे शासकीय महाविद्यालय १९६२ चे, पुण्याचे बी. जे. त्याहून जुने, मग कोल्हापुरात कोण जाणार, असे प्रश्न मी स्वतः ऐकले आहेत. आज त्याच कोल्हापूरची जागा मिळावी म्हणून पालक देव पाण्यात घालून बसतात. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, म्हणजे आपल्या सीपीआरच्या, आवारात कोणत्याही सकाळी उभे राहिले तर गगनबावडा, राधानगरी, चंदगडपासून थेट कोकणातले आणि सीमाभागातले रुग्ण दिसतात. नव्या महाविद्यालयाला नाव मिळवून दिले ते या गर्दीने.

पैशाबद्दल थोडे लिहिते, कारण अखेर घरातले भांडण तिथेच येऊन थांबले. शासकीय महाविद्यालयात वार्षिक शुल्क लाख-दीड लाखाच्या आसपास असते आणि जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत १०० टक्के सवलत मिळते. ही सवलत खासगी अभिमत विद्यापीठांना लागू नाही. तिथले शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या कक्षेतही येत नाही आणि अनेक ठिकाणी ते वर्षाला २० लाखांच्या पुढे आहे. वसतिगृह आणि मेस धरून पाच-साडेपाच वर्षांचा आकडा कोटीच्या घरात जातो. भाऊ म्हणाला, शैक्षणिक कर्ज काढू. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, त्यापुढे बँक तारण मागते, म्हणजे त्याचा अडीच एकराचा सातबारा. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात आणि नेमक्या त्याच काळात मुलगी पदव्युत्तर परीक्षेची तयारी करत असते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते. ज्यांची ऐपत आहे त्यांनी जरूर खर्च करावा, त्यात मला नाक खुपसायचे कारण नाही. पण साडेचार वर्षांच्या शिक्षणासाठी शुल्क साडेचार वर्षांचे घेणार की पाच वर्षांचे, दरवर्षी किती टक्के वाढवणार आणि इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन प्रत्यक्ष हातात किती देणार, हे तीन प्रश्न लेखी विचारल्याशिवाय धनादेशावर सही करू नये, एवढे मी भावाला निक्षून सांगितले. यांतल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या नम्र बाईंकडे नव्हते. ते आम्हाला प्रवेशद्वारासमोरच्या चहाच्या गाडीवर उभ्या असलेल्या इंटर्न मुलांकडून मिळाले आणि ऐकून भाऊ गप्प झाला.

चहाच्या गाडीवर मिळणारी माहिती प्रवेशपुस्तिकेत मिळत नाही, हा माझा अनुभव आहे. इंटर्नला विचारावे की प्रसूती विभागात तू स्वतः किती बाळंतपणे केलीस. नियमाप्रमाणे इंटर्नशिपच्या वर्षात प्रसूती विभागात ७ आठवडे आणि समाजवैद्यक विभागात १२ आठवडे काढावे लागतात. सात आठवड्यांत ज्याने आकडा सांगताना बोटे मोजली, त्याच्या महाविद्यालयाबद्दल पुढे विचारायची गरज नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारावे की शवविच्छेदनाच्या एका टेबलाभोवती किती जण उभे राहता आणि मागच्याला काही दिसते का. वॉर्डातल्या मावशींना विचारावे की मोठे डॉक्टर राउंडला कधी येतात. मावशी खोटे बोलत नाहीत.

एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेची, ज्याला मुले ‘बाँड’ म्हणतात, फार भीती घातली जाते. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरने एक वर्ष शासनाच्या आरोग्य सेवेत काढावे, एवढाच त्याचा अर्थ. भाचीच्या मामांनी हे वर्ष ‘वाया जाणारे वर्ष’ म्हणून सांगितले. शाहूवाडीच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्यात, वीज गेलेली असताना, टॉर्चच्या उजेडात सर्पदंशाचा रुग्ण वाचवणारा पंचवीस वर्षांचा डॉक्टर मी पाहिलेला आहे, त्यामुळे या विषयावर मला निःपक्षपाती राहता येत नाही.

आता शासनाकडे मागणे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे १०० जागांच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचे आणि १५० जागांच्या महाविद्यालयाला ६०५ खाटांचे रुग्णालय असावे लागते. खाटा किती हे कागदावर कुणालाही दाखवता येते. त्या खाटांवर काल रात्री किती माणसे झोपली होती, हे पालकांना कुठेच वाचायला मिळत नाही. गंमत अशी की ही माहिती नव्याने गोळा करावी लागणार नाही. प्रत्येक वॉर्डातली रात्रपाळीची सिस्टर रोज मध्यरात्री रुग्णांची गणती करते आणि सेन्ससच्या रजिस्टरात लिहिते: आधीचे किती, नवे किती, घरी गेले किती, दगावले किती, शिल्लक किती. मी ती हजारो वेळा लिहिली आहे. सगळ्या वॉर्डांची बेरीज सकाळी कार्यालयात जाते. त्याचप्रमाणे ओपीडीचे केसपेपर, लेबर रूममधली बाळंतपणे आणि थिएटरमधल्या शस्त्रक्रिया यांची नोंद रोजच्या रोज होते. हे चार आकडे महिन्यागणिक, प्रत्येक महाविद्यालयाच्या नावासमोर, सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावर पसंतीक्रम भरण्याच्या आधी टाकायला किती खर्च येईल? महाविद्यालय शासकीय असो की खासगी, अभिमत असो की महापालिकेचे, तक्ता एकच असावा आणि त्याखाली वसतिगृहाची क्षमता, रिक्त अध्यापकांची पदे, संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क आणि प्रत्यक्ष दिले जाणारे विद्यावेतन असावे. खोटा आकडा टाकणाऱ्याची चौकशी करायला सेन्ससचे रजिस्टर आहेच.

दुसरे मागणे वेळेचे. यादी आणि रुजू होण्याची मुदत यांच्यात सुट्ट्या वगळून निदान सात दिवस मिळावेत, आणि त्या सात दिवसांत निवड झालेल्या विद्यार्थ्याला पालकांसह रुग्णालय पाहण्याची परवानगी मागावी लागू नये, ती निवडपत्रासोबतच मिळावी. मूळ प्रमाणपत्रांचाही काही बंदोबस्त व्हावा. पहिल्या फेरीत एका महाविद्यालयात दाखल केलेली मूळ कागदपत्रे पुढच्या फेरीत वरचे महाविद्यालय मिळाल्यावर स्वतः जाऊन आणावी लागतात, आणि त्या शेजारच्या मुलाचे वडील यासाठी दोन रात्री एसटीत बसून होते. कागद तपासायला डिजीलॉकर आहे, मग बापाला का पळवता?

तिसरे मागणे आपल्याकडे आहे, संपादक महोदय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या पाच जिल्ह्यांत मिळून शासकीय आणि खासगी अशी वैद्यकीय महाविद्यालये आता बरीच झाली आहेत, आणि या प्रत्येक जिल्ह्यात आपले प्रतिनिधी आहेत. येत्या प्रवेशाच्या आधीच्या आठवड्यात कोणत्याही एका मंगळवारी, न कळवता, सकाळी साडेदहा वाजता त्यांना आपापल्या भागातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन वॉर्डात पाठवावे आणि भरलेल्या खाटा मोजायला सांगावे. कट-ऑफच्या तक्त्याशेजारी तो एक रकाना छापावा.

भाचीने दूरचे नवे महाविद्यालय निवडले. भावाने तिच्याशी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी पाण्याची मोठी टाकी विकत घेऊन टेम्पोने वसतिगृहावर पोहोचती केली. ती टाकी आता तिच्या खोलीतल्या चौघी वापरतात.

कळावे,
आपली नित्य वाचक,
एक निवृत्त परिचारिका,
राजारामपुरी, कोल्हापूर